ऊसतोडणी कार्यक्रम लावताना: साखर कारखान्याच्या शेतकी विभागात नव्याने आलेल्यासाठी

आधी दोन रात्री गव्हाणीपाशी, म्हणजे ऊस गिरणीत टाकतात तिथे, उभा राहा, मग कागद हातात घे. दिवसाला 5000 टन गाळप म्हणजे तासाला साधारण 208 टन, आणि हा आकडा रात्री तीनलाही तोच असतो. तोडणी मजुरांच्या टोळ्या मात्र दिवसा तोडतात, त्यामुळे संध्याकाळी यार्ड तुंबतं आणि पहाटे गव्हाण रिकामी पडते. म्हणून ट्रक-ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांच्या वेळा वेगवेगळ्या ठेव. लांबचा ऊस वाहनांना, जवळचा गाड्यांना. टोळ्या वाढवून गाळप वाढत नाही. गिरणी पेलेल तेवढाच ऊस तुटला पाहिजे. तोडलेला ऊस 24 तासांत गाळला नाही तर वजन घटतं आणि साखर कमी होते. ते नुकसान शेतकऱ्याचंही असतं, हे मला फार लागतं.

लागणीची तारीख हा पाया, पण फक्त तारखेवर जाऊ नकोस. को 86032 आणि कोसी 671 या उसाच्या जाती एकाच दिवशी लावल्या तरी एकाच दिवशी पक्व होत नाहीत; कोसी 671 लवकर तयार होतो, त्याला थांबवू नकोस. हँड रिफ्रॅक्टोमीटरने बुडख्याचा आणि शेंड्याचा ब्रिक्स, म्हणजे रसातल्या विरघळलेल्या घन पदार्थांचं (मुख्यतः साखरेचं) प्रमाण, बघ. दोन्ही जवळ आले की ऊस तयार.

कुणाच्या ओळखीने एखाद्याचा तोडणीचा नंबर पुढे घेतलास, तर ज्याचा मागे गेला त्याला कारण सांगायची तयारी ठेव. मी सहसा घेत नाही. जळीत उसाचं वेगळं, तो त्याच दिवशी उचलायचा.