रोज रात्री आत्मपरीक्षण करूनही मी बदलत का नाही? मग परिवर्तन म्हणायचं तरी कशाला?

तुम्ही लिहिलंय की वर्षभर झोपण्याआधी आत्मपरीक्षण करता, महिन्याला पापनिवेदनाला, म्हणजे कन्फेशनला जाता आणि तरी फादरांपुढे दर वेळी तीच यादी. पद्धत चुकतेय की परिवर्तन झालंच नाही, असं विचारलंय. पद्धतीकडे नंतर येतो. आधी माझ्या वहीचं ऐका. अकरा वर्षं वही ठेवून मी जिथे होतो तिथेच होतो.

मी वसईचा. बँकेत कॅशियर होतो, आता निवृत्त. घरामागे वाडी आहे, केळी आणि थोडी पानवेल. बाबांनी दोघा भावांत वाडी वाटली, विहीर कशी वाटणार? म्हणून मोटर सामाईक, मीटर दादाच्या नावावर, बिल निम्मं-निम्मं. एक दिवस त्याची पाळी, एक दिवस माझी, पाणी दोन-दोन तास.

वहीचा नाद लागला एका रिट्रीटमध्ये, म्हणजे प्रार्थनेच्या शिबिरात. तिथे एका येशूसंघीय, म्हणजे जेझुइट, फादरांनी त्यांच्या संघाचे संस्थापक संत इग्नाती लोयोलांची रीत शिकवली. १५४८ साली छापलेल्या त्यांच्या साधनापुस्तकात ती आहे. एकच दोष धरायचा. सकाळी उठताना ठरवायचं, दुपारी मोजायचं, रात्री मोजायचं. वहीत रोजच्या दोन रेघा, जितक्या वेळा घसरलो तितके ठिपके, आणि कालच्या ठिपक्यांशी आजचे ताडून बघायचे. दोष घडला की तिथल्या तिथे छातीला हात लावायचा, चारचौघांत कुणाच्या लक्षात न येता. मी राग धरला होता. काउंटरवर इतक्यांदा हात छातीशी जायचा की शेजारची बाई एकदा घाबरून म्हणाली, "साहेब, ईसीजी काढून घ्या."

ठिपके मात्र कमी होत गेले. आठवड्याला चाळीस होते ते पाच-सहावर आले. फादर खूश, मी त्याहून खूश.

२०१७ च्या मार्चमध्ये दादाची बायपास झाली. दोन्ही वाड्या शिंपायचं माझ्याकडे आलं. मोटरीच्या खोलीची चावी घ्यायला त्यांच्या स्वयंपाकघरात गेलो तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर एक दिवसाआड चौकोनात बारीक आकडे. ४०. ३५. ४०. ४५. मला वाटलं दुधाचा हिशेब. म्हटलं, वहिनी, एवढं कसलं दूध घेता? वहिनी चहा गाळत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "दूध नाही, भाऊजी. तुमची मोटर."

मी माझ्या पाळीला चाळीस मिनिटं जास्त चालवायचो. सात वर्षं. लपूनछपून नव्हे हो, माझ्या मनात तो हक्कच होता. माझी वाडी विहिरीपासून लांब, निम्मं पाणी पाटातच मुरतं, मग जास्त वेळ नको? दादाला विचारावं असं कधी वाटलं नाही. त्यानेही तोंड उघडलं नाही, नुसता लिहीत राहिला. कपाटावर जुन्या कॅलेंडरांची सुतळीने बांधलेली गुंडाळी होती, तीही वहिनींनी काढून दाखवली. दादा नाताळ आणि पास्का (ईस्टर) सोडला तर चर्चकडे फिरकत नाही. माझं अकरा वर्षांचं आत्मपरीक्षण एकीकडे आणि त्याच्या स्वयंपाकघरातली ती गुंडाळी एकीकडे. माझ्या वहीत मोटर हा शब्द एकदाही नव्हता.

आता तुमच्या प्रश्नाला हात घालतो. तीच यादी पुन्हा पुन्हा येते कारण यादी तुम्हीच केली आहे. जे आधीच पाप म्हणून मान्य आहे तेवढंच आपण तपासतो: राग, वाईट विचार, रविवारची मिस्सा (चर्चमधली उपासना) चुकली, प्रार्थनेत लक्ष नव्हतं. जिथे "माझंच बरोबर" असं वाटतं तिथे दिवा नेतच नाही. इग्नातींच्या रात्रीच्या तपासणीत पाच पायऱ्या आहेत. पहिली आभार मानण्याची, आणि दुसरी पापं आठवण्याची नाहीच, ती पापं दिसावीत म्हणून कृपा मागण्याची. उठल्यापासूनचा तासातासाचा हिशेब तिसऱ्या पायरीला येतो, मग क्षमा, मग उद्याचा निश्चय. मी अकरा वर्षं पहिल्या दोन्ही गाळून थेट हिशेबाला बसत होतो. कॅशियरची खोड. तुम्ही गाळत नसाल तर उत्तमच. पंधरा मिनिटं पुरतात. अंथरुणात पडून करू नका, झोप लागते.

आणि फक्त स्वतःला विचारू नका. घरातल्या एखाद्याला विचारा, "या आठवड्यात माझं काय खटकलं?" मी बायकोला विचारलं, तिने लगेच चार गोष्टी सांगितल्या. त्यातल्या तीन मला अजूनही मान्य नाहीत.

परिवर्तनाबद्दल आमचे मेहुणे तुम्हाला वेगळं सांगतील. २००९ साली एका शिबिरात त्यांचं परिवर्तन झालं. तारीख, वार, वेळ, सगळं पाठ आहे, आणि मंडपात माइक दिसला की साक्ष देतात. माझ्या वहीला ते परुश्याचा, म्हणजे बायबलमधल्या नियम मोजत बसणाऱ्या ढोंग्याचा, हिशेब म्हणतात. गेली कित्येक वर्षं दर नाताळला आमची यावर जुंपते, बहीण उठून करंज्या आणायला आत जाते. मी त्यांना एवढंच विचारतो, की ख्रिस्ताचं दर्शन होऊन दिमिष्काच्या वाटेवर पडलेल्या, तिथेच पालटलेल्या संत पौलानेच पुढे रोमकरांना लिहिलं ना, की जे चांगलं करावंसं वाटतं ते हातून होत नाही, आणि जे नको तेच होतं? मग तुमचं एका संध्याकाळीत कसं आटोपलं? खुद्द इग्नातींच्या पायावर १५२१ साली स्पेनमधल्या पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळा आदळला, त्यानंतर महिनोन्‌महिने अंथरुणात पडून त्यांचं मन फिरत गेलं. आणि पुढे रोज तपासा म्हणून सांगणारे तेच. आमच्या पूर्वजांचं धर्मांतर १५३४ नंतर, वसई पोर्तुगिजांकडे गेल्यावर झालं. ते एकदाच झालं. परिवर्तन वेगळं. मेहुण्यांना हे पटत नाही. एक कबूल करतो, शिबिरानंतर त्यांची दारू सुटली ती सुटलीच. माझ्या वहीला ते जमलं नसतं.

आणखी एक, हे खरं तर आधीच लिहायला हवं होतं. तुम्ही बारीकसारीक गोष्टीत पाप शोधून रात्र रात्र तळमळणाऱ्यांपैकी असाल, तर माझा सल्ला तुमच्यासाठी नाही. वही ठेवू नका, एकच फादर धरा आणि ते म्हणतील तेवढंच करा. झोप आणि भूक उडाली असेल तर डॉक्टरांकडेही जा.

मोटरीचं राहिलंच. बायबलमधल्या जक्कय जकातदाराने ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत करायचं कबूल केलं होतं, म्हणून मीही हिशेब केला. तीन हॉर्सपॉवरची मोटर चाळीस मिनिटं म्हणजे दीड युनिट. पावसाळा सोडून वर्षात माझ्या एकशेवीस पाळ्या, म्हणजे १८० युनिट, त्यातली निम्मी त्याच्या माथी. सहा रुपये युनिट धरून सात वर्षांचे ३,७८०. चौपट करून पंधरा हजार पाकिटात घातले आणि दादाच्या खाटेशी नेऊन दिले. मला वाटलं तो नको म्हणेल, डोळे पुसेल. त्याने चष्मा मागितला, नोटा दोनदा मोजल्या आणि माझा हिशेबाचा कागद वाचून म्हणाला, "धाकट्या, चौपट म्हणतोस ना? एकशेवीस कमी आहेत."

दिले. आता माझ्या पाळीला मोबाइलवर दोन तासांचा अलार्म लावतो. पलीकडच्या केळीला पाणी कमी पडतं, ते पडतं. मधल्या कुंपणाची मेर त्याने चांगली वीतभर माझ्याकडे सरकवलेली आहे. तो विषय मी अजून काढलेला नाही, पण यंदाचे घड उतरले की त्याच्याशी बोलणार आहे.