आठवणीतले होम रन आणि शोहेई ओहतानीचे पुढचे दिवस

प्रश्न : अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये अलीकडे एकेका हंगामात पाच हजारांहून अधिक होम रन, म्हणजे चेंडू थेट भिंतीपलीकडे धाडणारे फटके, मारले जातात. त्यांपैकी मोजकेच पिढ्यान्‌पिढ्या स्मरणात का राहतात? माझ्या मते बॉबी थॉम्सन यांचा १९५१ मधील होम रन सर्वश्रेष्ठ आहे. आपले मत काय?

उत्तर : थॉम्सन यांच्या फटक्याचे मोल मी कमी लेखत नाही. ३ ऑक्टोबर १९५१ रोजी न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर ब्रुकलिन डॉजर्स नवव्या, म्हणजे शेवटच्या डावात ४-२ असे पुढे असताना त्यांनी राल्फ ब्रँका यांच्या चेंडूवर तीन धावांचा होम रन मारला आणि आपल्या जायंट्स संघाला नॅशनल लीगचे (मेजर लीगमधील दोन लीगपैकी एकीचे) विजेतेपद मिळवून दिले. मात्र जायंट्स त्या हंगामात दुर्बिणीच्या साहाय्याने प्रतिस्पर्धी कॅचर कोणता चेंडू टाकायचा याचे जे इशारे पिचरला (चेंडू फेकणाऱ्याला) करतो, ते टिपत होते, हे २००१ मध्ये माजी खेळाडूंच्या कबुलीतून उघड झाले. त्या विशिष्ट चेंडूचा इशारा आपल्याला मिळाल्याचे थॉम्सन यांनी नाकारले होते आणि त्यांच्या शब्दावर अविश्वास दाखवण्याचे मला कारण दिसत नाही. तरीही त्या फटक्याविषयी बोलताना हा विषय आता टाळता येत नाही.

माझी निवड पिट्सबर्ग पायरेट्सच्या बिल मॅझेरोस्की यांची आहे. १३ ऑक्टोबर १९६० रोजी पिट्सबर्गच्या फोर्ब्स फील्डवर वर्ल्ड सिरीजचा (दोन्ही लीगच्या विजेत्यांमधील अंतिम मालिकेचा) सातवा, म्हणजे निर्णायक सामना ९-९ असा बरोबरीत होता. नवव्या डावाच्या उत्तरार्धात मॅझेरोस्की पहिलेच बॅटर म्हणून आले आणि राल्फ टेरी यांचा दुसराच चेंडू त्यांनी डावीकडच्या भिंतीपलीकडे धाडला. सात सामन्यांत मिळून प्रतिस्पर्धी न्यूयॉर्क यँकीजच्या धावा ५५ आणि पायरेट्सच्या केवळ २७ होत्या, तरी जगज्जेते ठरले पायरेट्स. शिवाय मॅझेरोस्की यांची ख्याती होम रनसाठी नव्हे, तर दुसऱ्या बेसवरील निर्दोष क्षेत्ररक्षणासाठी होती. सातव्या सामन्याचा आणि त्यासोबत संपूर्ण मालिकेचा शेवट ज्या फटक्याने झाला, असा होम रन त्यानंतर आजवर दुसरा झालेला नाही.

होम रन लक्षात राहतो तो चेंडू किती दूर गेला यामुळे नव्हे, तर त्या क्षणी काय पणाला लागले होते यामुळे, असे मला वाटते. १९८८ च्या वर्ल्ड सिरीजच्या पहिल्या सामन्यात कर्क गिब्सन यांचे दोन्ही पाय दुखावलेले होते. ते बदली बॅटर म्हणून कसेबसे उभे राहिले आणि डेनिस एकर्सली यांच्यासारख्या भरवशाच्या पिचरला त्यांनी होम रन मारून सामना जिंकून दिला. त्या मालिकेत ते पुन्हा एकदाही बॅटिंगला आले नाहीत. हॅंक ॲरन यांच्या ७१५ व्या होम रनला तर सामन्याच्या निकालाचे महत्त्वच नव्हते. बेब रूथ यांचा ७१४ होम रनचा विक्रम एक कृष्णवर्णीय खेळाडू मोडणार, हे सहन न झालेल्यांकडून त्यांना महिनोन्‌महिने द्वेषपत्रे आणि जिवे मारण्याच्या धमक्या येत होत्या. ते दडपण सोसून ८ एप्रिल १९७४ रोजी अटलांटामध्ये त्यांनी तो फटका मारला, याचा विचार केला की आजही मन भरून येते.

प्रश्न : पराभूत संघाचा होम रन स्मरणीय ठरू शकतो का?

उत्तर : अवश्य. १९७५ च्या वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्यात बरोबरीमुळे लांबलेल्या बाराव्या डावात कार्लटन फिस्क यांनी मारलेला चेंडू फाउल पोलवर (वैध हद्दीच्या कडेचा खांब; त्याला लागलेला चेंडू होम रन ठरतो) आदळला आणि बोस्टन रेड सॉक्सने सामना जिंकला. सातवा सामना आणि मालिका सिनसिनाटी रेड्सने जिंकली. तरी चेंडू वैध हद्दीतच राहावा म्हणून दोन्ही हात हलवणारे फिस्कच रसिकांना अधिक आठवतात.

प्रश्न : बेब रूथ यांनी पिचिंग सोडून केवळ बॅटिंगवर लक्ष दिले आणि ते अजरामर झाले. पिचिंग आणि बॅटिंग दोन्ही करणाऱ्या, पण कोपरावर दोन शस्त्रक्रिया झालेल्या डॉजर्सच्या शोहेई ओहतानीनेही आता तेच करावे, असे आमच्या मित्रमंडळीत अनेकांना वाटते. आपण सहमत आहात का?

उत्तर : नाही, मात्र आपल्या मित्रांची काळजी निराधार नाही. ओहतानीच्या उजव्या कोपरावर २०१८ मध्ये टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली, ज्यात कोपराच्या आतील बाजूच्या फाटलेल्या अस्थिबंधाच्या जागी दुसरा स्नायुबंध बसवला जातो. २०२३ मध्ये त्याच कोपरावर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. पिचिंग बंद असलेल्या २०२४ च्या हंगामात त्याने ५४ होम रन मारले आणि ५९ बेस चोरले, म्हणजे फटक्याची वाट न पाहता धावत पुढचा बेस गाठला. एकाच हंगामात दोन्ही बाबतींत पन्नाशी गाठणारा तो पहिलाच खेळाडू ठरला. पिचिंगचा भार उतरला की तो काय करू शकतो, याचा हा पुरावाच आहे, असे आपले मित्र म्हणत असतील तर त्यांचे म्हणणे वजनदार आहे.

परंतु रूथ यांचे उदाहरण येथे लागू पडत नाही. त्यांच्या काळात डेझिग्नेटेड हिटरची (क्षेत्ररक्षण न करता केवळ बॅटिंग करणाऱ्या खेळाडूची) सोय नव्हती. पिचिंग नसलेल्या दिवशी बॅटिंग करायची तर मैदानात क्षेत्ररक्षणही करावे लागे, आणि दोन्ही कामे वर्षानुवर्षे निभावणे जवळजवळ अशक्य होते. ओहतानीला मात्र पिचिंग नसलेल्या दिवशी फक्त बॅटिंग करता येते. शिवाय २०२२ पासूनच्या नियमानुसार, सुरुवातीचा पिचर माउंडवरून (पिचरच्या उंचवट्यावरून) उतरल्यानंतरही डेझिग्नेटेड हिटर म्हणून सामन्यात राहू शकतो.

दुसरे कारण १७ ऑक्टोबर २०२५ च्या सामन्यात दिसले. मिलवॉकी ब्रूअर्सविरुद्ध ओहतानीने पहिल्या डावात तिघांना स्ट्राइकआउट केले, म्हणजे चेंडू खेळू न देता बाद केले, आणि लगेच स्वतः होम रन मारला. सामना संपला तेव्हा त्याच्या नावावर तीन होम रन आणि दहा स्ट्राइकआउट होते, आणि पिचर म्हणून त्याने एकही धाव दिली नव्हती. एकाच खेळाडूने एकाच सामन्यात याहून मोठी कामगिरी केल्याचे मला तरी आठवत नाही. जो हे करू शकतो त्याला केवळ सावधगिरीपोटी थांबवणे मला पटत नाही.

मात्र मर्यादा हवीच. २०२२ मध्ये त्याने १६६ डाव पिचिंग केले होते. २०२५ मध्ये संघाने त्याला जूनमध्ये एकेका डावापासून सुरुवात करून दिली आणि नियमित हंगामात ४७ डावांवर थांबवले. पुढेही डावांची संख्या आधी ठरवून, दोन सामन्यांत पुरेशी विश्रांती देऊनच त्याला माउंडवर पाठवावे. कोपर तिसऱ्यांदा निकामी झाले, तर मात्र पुन्हा पिचर म्हणून उभे राहण्याचा प्रयत्न करू नये, कारण तोवर त्याचे वय तिशीच्या मध्याकडे झुकलेले असेल आणि वर्ष-दीड वर्षाच्या पुनर्वसनाची किंमत त्याच्या बॅटिंगला मोजावी लागेल.

प्रश्न : एवढ्या मोठ्या करारामुळे डॉजर्स त्याला पिचिंग करण्यास भाग पाडत असतील का?

उत्तर : तसे मला वाटत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये दहा वर्षांसाठी ७० कोटी डॉलरचा करार झाला, तेव्हाच तो पुढील हंगामात पिचिंग करू शकणार नाही हे सर्वांना ठाऊक होते. त्यांपैकी ६८ कोटी डॉलर त्याला २०३४ ते २०४३ या काळात मिळायचे आहेत. दोन्ही कामे करण्याचा आग्रह पहिल्यापासून त्याचा स्वतःचा आहे आणि २०३३ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी, करार संपेपर्यंत त्यातले कोणते काम आधी सोडायचे याचा निर्णयही मुख्यतः त्यालाच घेऊ द्यावा.