‘घर ले जाइए, सेवा कीजिए’ याचा अर्थ उपचार संपले असा नाही

आदरणीय ताई,

आपल्या सासऱ्यांचा यकृतात पसरलेला कॅन्सर, ‘अब घर ले जाइए, सेवा कीजिए’ असे सांगून डॉक्टरांनी दिलेली सुट्टी आणि मॉर्फिन (तीव्र वेदनांवरचे, अफूपासून बनणारे औषध) सुरू करावे की नाही यावरून घरात पडलेले दोन तट, हे सारे वाचले. सहा वर्षांपूर्वी इंदूरच्या रामबागेतील आमच्या घरी माझ्या पत्नीच्या अखेरच्या चार महिन्यांची सुरुवात याच वाक्याने झाली होती, म्हणून सविस्तर लिहितो.

सेवा म्हणजे नेमके काय करायचे, हे आम्हाला त्या रुग्णालयात कोणीही सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही आणि तीन आठवडे तिला साध्या वेदनाशामक गोळ्यांवर ठेवले, कारण मॉर्फिन म्हणजे शेवट जवळ आला असे आम्ही धरून चाललो होतो. ते तीन आठवडे ती रात्रभर उशी दातांत धरून असे. ती खंत माझ्या मनातून गेलेली नाही.

म्हणून पहिले सांगणे हेच, की दुखणे असह्य होण्याची वाट पाहू नका. तोंडाने घ्यायचे साधे मॉर्फिन सहसा दर चार तासांनी, घड्याळ लावून द्यावे लागते. दुखू लागल्यावर देऊ, असे केले की वेदना पुढे आणि औषध मागे अशी शर्यत सुरू होते. पहिले दोन-चार दिवस ग्लानी किंवा मळमळ होऊ शकते, ती बहुधा ओसरते. बद्धकोष्ठता मात्र ओसरत नाही, म्हणून पोट साफ ठेवण्याचे औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या. यकृत किंवा मूत्रपिंडाचे काम मंदावले असेल तर मात्रा आणि वेळ दोन्ही बदलावे लागतात, तेव्हा रक्ततपासणीचे ताजे अहवाल डॉक्टरांना आवर्जून दाखवा. वेदनेसाठी नीट मात्रेत दिलेल्या औषधाने व्यसन लागण्याची भीती अशा आजारात बाळगू नये; फक्त ते आपल्या मनाने एकदम बंद करू नये. साध्या केमिस्टकडे ते बहुधा मिळत नाही. २०१४ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ते ठेवणे सोपे झाले आहे, म्हणून जेथे उपचार झाले तेथे, किंवा इंदूरच्या एम. वाय. या सरकारी रुग्णालयात, वेदना-चिकित्सेची सोय आहे का याची चौकशी करा.

हॉस्पिस, म्हणजे बरे न होणाऱ्या रुग्णांची अखेरपर्यंत सेवा करण्याची सोय, ही केवळ एखादी इमारत नव्हे. ब्रिटिश डॉक्टर सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हे हॉस्पिस सुरू केले आणि मुंबईत १९८६ मध्ये शांती आवेदना सदन हे तसेच हॉस्पिस उभे राहिले. पण शरीराबरोबर मनाची, नात्यांची आणि पैशाच्या काळजीचीही वेदना पाहायची, हा त्यामागचा विचार घरीसुद्धा पाळता येतो. कूस दर दोन तासांनी बदलणे, एअर बेड, ओल्या कापसाने ओठ आणि तोंड पुसणे, धाप लागल्यास चेहऱ्यावर छोट्या पंख्याचा वारा, या गोष्टी औषधाइतक्याच मोलाच्या आहेत.

जेवण सुटले की घरचे कासावीस होतात. आमच्या मावशी चमचा घेऊन बसत आणि पत्नी केवळ त्यांचे मन राखण्यासाठी तोंड उघडत असे. शेवटच्या दिवसांत शरीरच अन्न मागत नाही, त्यामुळे आग्रह करू नये. सलाईनने सूज आणि घशातील घरघर वाढू शकते, हे नातेवाइकांना आधीच समजावून ठेवा.

आजार त्यांच्यापासून लपवायचा का, हे आपण विचारले आहे. माझे मत स्पष्ट आहे: त्यांच्या माथी काही मारू नका, पण ‘बाबा, तुम्हाला काय वाटतं?’ एवढे विचारून शांत बसा. मी असे विचारले तेव्हा पत्नी म्हणाली, ‘मला ठाऊक आहे, तुम्ही एकटेच का वाहताय?’ त्यानंतर तिने पासबुके कुठे आहेत ते सांगितले आणि धाकट्या बहिणीला ग्वाल्हेरहून बोलावून घ्यायला लावले. त्या दोघींचा जुना अबोला तेव्हाच सुटला.

रात्रपाळ्या मात्र वाटून घ्या. आठवड्यातून दोन रात्री तरी आपल्याला सलग झोप मिळालीच पाहिजे, त्यासाठी आया ठेवावी लागली तरी चालेल. आणि घरीच प्राण गेल्यास येऊन पाहतील व मृत्यूचा दाखला देतील, अशा जवळच्या डॉक्टरांशी आजच बोलून त्यांचा क्रमांक फाईलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. आमच्याकडे तो पहाटे चार वाजता शोधावा लागला होता.