पहिल्या पावसातली परसबाग

मेच्या शेवटी वीज चमकली की बी टोचायची घाई सुटते. थांब. मृगाचा पाऊस दोन-तीनदा चांगला पडू दे, माती आतपर्यंत भिजू दे. आपली जांभ्याची तांबडी माती आम्लधर्मी. त्यात गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि मातीतलं सत्त्व धुऊन नेतो. म्हणून शेणखत एकदम घालू नकोस, थोडं थोडं, दर पंधरा दिवसांनी. चुलीची राख मिळाली तर मूठभर मिसळ.

वाफे वीतभर उंच हवेतच. पहिल्या वर्षी मी काकडी खोलगट आळ्यात लावली होती. आषाढात सगळ्या वेलींची मुळं कुजली. अजून वाईट वाटतं.

सुरुवात सात शिरांच्या लांब गावठी भेंडीने कर. दोडकी, काकडीला मांडव घाल. चतुर्थीच्या माटोळीला, म्हणजे गणपतीवरच्या फळाफुलांच्या मंडपीला, घरचं दोडकं बांधताना काय वाटतं, ते तुला तेव्हाच कळेल! झाडावरची पहिली सरळ, निरोगी भेंडी मात्र खाऊ नकोस. तिथेच सुकू दे, तेच पुढच्या वर्षाचं बी.

तोवर जेवायला काय? तायकिळा, म्हणजे टाकळा, कुंपणाशी आपोआप उगवतो. कोवळी पानं घे, कांदा, फणसाच्या बिया नि भरपूर ओलं खोबरं. तेऱ्याच्या, म्हणजे रानअळूच्या, भाजीत आंबट विसरू नकोस, घशाला खाज येते. आंबाडे किंवा सोलं (आमसुलं) घाल, नीट शिजव.

तांबडी भाजी, म्हणजे लाल माठ, पाऊस ओसरल्यावर पेर. बी तुला मी देईन.