मुलांच्या नाश्त्यासाठी फिक्या गुलाबी, निळ्या रंगांचे मऊ फुगीर पॅनकेक घरी कसे करायचे? माझे नेहमी तपकिरीच होतात. अंड्याशिवाय जमतील का?

तुमच्या प्रश्नातलं "माझे नेहमी तपकिरीच होतात" हे वाचलं आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले. पॅनकेकच्या कृती शोधल्या की शंभर मिळतात आणि त्यातली जवळजवळ कुठलीही चालते. रंग का जातो हे मात्र कुणी नीट सांगत नाही. त्यापायी मी भरल्या घरात जे ऐकून घेतलंय, ते अजून विसरलेले नाही.

मी बेळगावात शहापूरला राहते, सासर उचगावचं. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात लेकीचा सहावा वाढदिवस उचगावच्या घरी केला. पुण्याहून थोरले दीर, जाऊ आणि त्यांची दोन मुलं आली होती. लेकीनं महिनाभर एकच धोशा लावलेला, सकाळी उठल्या उठल्या गुलाबी पॅनकेक पायजेत, एकावर एक रचलेले आणि वर लोण्याचा गोळा. मी मळ्यातून सकाळीच उपटून आणलेली दोन बिटं किसून, पिळून वाटीभर रस काढला. पिठात थोडं ताक घातलं आणि चांगले फुगावेत म्हणून खायचा सोडा सपाट चमचाभर. पातेल्यातलं पीठ गुलाबी, जरासं जांभळट, इतकं देखणं दिसत होतं की लेक तिथून हलेना. आमच्या घरातला बिडाचा तवा कडकडीत तापलेला होता. पहिला घातला, उलटला, तर पाठ खानापूर रस्त्याच्या तांबड्या मातीसारखी. मोडून बघितला तर आतूनही पिवळट, मातकट. दुसरा तसाच, तिसराही तसाच.

"आई, पिंक कुठाय गं?" एवढंच म्हणाली ती.

जाऊबाई शेजारी उभ्या होत्या. "अगं, बिटाचा रंग कधी टिकतो का? बाटलीतले दोन थेंब टाकायचे की झालं. आम्ही तर तसंच करतो." इथवर ठीक होतं. मग म्हणाल्या, "नाहीतर तुमच्या इकडचं बीटच तसलं असेल."

लेकीनं दोन घास खाल्ले आणि ताटली सरकवली. आत्तींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, तिला मांडीवर घेतलं आणि गुळाचं धिरडं भरवलं. मी उरलेलं पीठ तसंच ठेवून मागच्या अंगणात जाऊन उभी राहिले. मूल महिनाभर एखाद्या गोष्टीची वाट बघतं आणि ती आपल्या हातून बिघडते, त्याचं दुःख लहान नसतं. म्हणून तुमचा प्रश्न मला नुसता स्वयंपाकाचा वाटत नाही.

त्याच सुट्टीत लेकीच्या पांढऱ्या फ्रॉकवर आमटी सांडली. साबण लावला तसा हळदीचा पिवळा डाग लालभडक झाला. हे आपण सगळ्यांनी हजारदा बघितलंय. आत्ती म्हणाल्या, "कुंकू असंच तर करत होते की पूर्वी. हळदीला खार लावून." माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. साबण खाराच्या, म्हणजे अल्कलीच्या जातीचा, सोडाही त्याच जातीचा. म्हणजे हळदीचा रंग जसा खारानं पालटतो तसा बिटाचाही पालटत असणार.

शहापूरला परत आल्यावर तीन पांढऱ्या बशा घेतल्या. स्टीलच्या वाटीत रंग नीट कळत नाही, म्हणून बशा. तिन्हींत बिटाचा रस. एकीत काही नाही, एकीत लिंबाचे चार थेंब, एकीत सोड्याची चिमूट. सोड्याची बशी आधी जांभळट झाली. मग एकेक रस छोट्या कढल्यात गरम केला. सोड्याचा बघता बघता पिवळट, मातकट झाला, हुबेहूब वाढदिवसाचा रंग. साधा थोडा उतरला. लिंबाचा मात्र गुलाबी राहिला. बीट आमच्या इकडचंच होतं, तिन्ही बशांत एकच.

बिटाचा रंग आंबटात तगतो, खारात आणि फार उष्णतेत मोडतो. माझ्या पिठात सोडा चमचाभर होता आणि तो मारायला ताक जेमतेम पाव वाटी. कपभर आंबट ताकाला अर्धा छोटा चमचा सोडा पुरतो, त्याहून जास्त घातला की उरलेला सोडा पिठात तसाच राहतो, रंग खातो आणि साबणासारखी चवही देतो. शिवाय असा खार उरलेलं पीठ तव्यावर लवकर तांबूस होतं. म्हणजे सोड्यानं दोन्हीकडून घात केला, आतला गुलाबी घालवला आणि बाहेरचा तपकिरी वाढवला.

बाहेरच्या तपकिरीबद्दल आम्हा बेळगावकरांना वेगळं सांगायला नको. कुंद्याला तो रंग कशानं येतो? दूध आणि साखर आटवत, परतत राहिलं की येतो, वरून कुणी काही घालत नाही. पॅनकेकमध्येही दूध आहे, साखर आहे, मोठ्या जाळावर त्याच्या पाठीवर कुंदाच होणार. तो खरपूस वास आपल्याला आवडतो, पण फिका गुलाबी रंग हवा असेल तर तो होऊ द्यायचा नाही. साखर पिठात कमी घाला, दोन चमच्यांच्या जागी एक, आणि गोडी वरून मधानं किंवा पाकानं आणा.

आणि जाळ बारीक. वाढदिवसाच्या सकाळी आत्ती मागून दोनदा म्हणाल्या होत्या, "जाळ बारीक कर की गं, घाई कशाला करालीस?" मी ऐकलं नाही. बिडाच्या तव्यावर मी जीव टाकते, धिरडं आणि आंबोळी त्याच्यावरच व्हावी. पण तो एकदा तापला की उष्णता धरून ठेवतो आणि या कामाला नेमकं तेच नको असतं. नॉनस्टिक घ्या. तेल ओतू नका, फडक्याला लावून नुसतं पुसून घ्या, नाहीतर पाठीवर जाळीदार तपकिरी नक्षी उमटते. पाण्याचा हबका मारून बघा. थेंब नाचायला लागले तर तवा फार तापलाय. हळूच चुर्र होऊन वाळले तर बरोबर. पीठ घाला, झाकण ठेवा, वर बुडबुडे फुटून भोकं पडली आणि कडा सुकल्या की उलटा. दुसऱ्या बाजूला एखादं मिनिट पुरे. झाकणातल्या वाफेनं तो वरूनही शिजत येतो, त्यामुळं खालून भाजून काढावा लागत नाही. पहिला बहुतेक वेळा थोडा डागाळतोच, तो आईनं खायचा.

आता माझं प्रमाण. मैदा एक कप, बेकिंग पावडर दीड छोटा चमचा, साखर एक मोठा चमचा, चिमूटभर मीठ, एक अंडं, पाऊण कप दूध, एक चमचा वितळलेलं लोणी. गुलाबीसाठी यातल्या दुधाचे दोन मोठे चमचे कमी करून तेवढा बिटाचा रस आणि अर्धा चमचा लिंबू. बेकिंग पावडरमध्ये सोड्यासोबत त्याला मारणारं आंबटही असतं, म्हणून ती रंगाला सोड्याइतकी छळत नाही. पीठ पळीवाढं हवं, धिरड्यापेक्षा घट्ट. आणि घुसळू नका. गुठळ्या राहिल्या तर राहू द्या, दहा मिनिटांत विरतात. ढवळत बसलात की मैद्याला चिकटपणा येतो आणि पॅनकेक रबरासारखा होतो. इडलीचं पीठ फेसणाऱ्या आपल्या हातांना हे अवघड जातं, पण हात आवरा.

निळ्यासाठी गोकर्ण. आमच्या कुंपणावर वेल आहे. दहाबारा फुलांच्या पाकळ्या दोन-तीन चमचे गरम पाण्यात ठेवल्या की गडद निळं पाणी मिळतं. यात अंड्याचा पिवळा बलक घातला तर रंग हिरवट होतो, म्हणून निळ्याला नुसतं पांढरं घ्या. त्याच निळ्या पाण्यात लिंबू पिळलं की जांभळं होतं. लेक हे रोज करायला तयार असते. "मी पिळतो, मी पिळतो," म्हणत स्टुलावर चढते, एक थेंब पडतो आणि निळ्यातून जांभळी रेघ खाली उतरत जाते, तोवर घरात कुणी बोलायचं नाही असा तिचा नियम आहे. एका वेलीत दोन रंग झाले. फुलं मात्र घरच्या वेलीची घ्या, विकतच्या फुलांवर काय फवारलंय ते कळत नाही.

हिरव्याचं बिटाच्या अगदी उलट आहे. पालकाचा हिरवा आंबटात गेला की शेवाळ्यासारखा होतो, तेव्हा ताक, दही, लिंबू काही नको, साधं दूध. पिवळ्याला हळद घालू नका, फ्रॉकचा डाग आठवा. मे महिन्यात आंब्याचा रस, एरवी लाल भोपळ्याचा शिजवलेला गर.

बाटलीतल्या रंगाचं बोलायचं राहिलं. माझं मत स्पष्ट आहे. लहान मुलाच्या रोजच्या खाण्यात बाटली नको. २०२४ च्या मार्चमध्ये कर्नाटक सरकारनं गोबी मंचुरी आणि म्हातारीचे केस यांच्यातल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली, कारण तपासलेल्या नमुन्यांत रोडामाइन-बी सापडला. तो कापडाला वगैरे लावायचा रंग आहे, खायचा नव्हेच. आमच्या गल्लीतल्या गाड्यावरची लालभडक गोबी माझी लेक हट्टानं मागायची. ती बातमी आली त्या दिवशी मला रडू आलं. आता हेही सांगायला हवं की दुकानात मिळणारे सगळे खाद्यरंग विष नसतात. काही कृत्रिम रंगांना कायद्यानं परवानगी आहे, ठरावीक पदार्थांत आणि किलोला १०० मिलिग्रॅमच्या आत. पण स्वयंपाकघरात थेंब मोजताना ते मिलिग्रॅम कोण मोजतं? जाऊबाईंनी मोजले नव्हते. आणि "बिटाचा रंग टिकतच नाही" हे तर साफ चूक आहे. टिकतो. त्याला सोड्यापासून आणि मोठ्या जाळापासून सांभाळावं लागतं.

तुमचं अंड्याशिवायचं राहिलंच. जमतं, आणि गुलाबी तर अंड्याशिवाय जास्त चांगला होतो, कारण अंड्याऐवजी दही येतं आणि बिटाला दही मानवतं. अर्धा कप आंबट दही, पाव कपाहून थोडं जास्त दूध, बेकिंग पावडर एकच छोटा चमचा आणि सोडा फक्त दोन चिमटी. बोटाच्या पेराएवढे फुगतात, मुलांना तेवढं पुरतं. जपानी पद्धतीचे ते उशीसारखे थलथल हलणारे हवे असतील तर मात्र अंडं लागणारच. पांढरं वेगळं काढून साखरेबरोबर ताठ होईपर्यंत फेटायचं, हलक्या हातानं पिठात मिसळायचं आणि अगदी मंद जाळावर झाकून शिजवायचं. ताटलीत पडल्यावर थोड्या वेळात ते बसतात. शाळेच्या सकाळी मी तुम्हाला ते करा म्हणणार नाही.

दोन गोष्टी आणखी. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नाही, बोटावर चाटायलासुद्धा नाही. आणि बीट खाल्ल्यावर काही मुलांना लघवी गुलाबी होते. ते बिटाचंच असतं, दिवसाभरात जातं. बीट खाल्लेलं नसताना तसं दिसलं तर मात्र डॉक्टरकडं जा.

हे दुसरं मला गेल्या दिवाळीनंतर कळलं. सकाळी साडेसातला पुण्याहून जाऊबाईंचा फोन, आवाज कापरा. धाकट्याला लाल लघवी झाली होती आणि त्या रिक्षा बोलवत होत्या. मी विचारलं, "आक्का, काल काय खाल्लंय त्यानं?" पलीकडं जरा वेळ काही नाही. मग म्हणाल्या, "पॅनकेक. तू मागं बशांचं सांगितलं होतंस ना, लिंबू घालून." मी म्हटलं, थांबा, बिटाचं असेल, दुपारपर्यंत बघा. दुपारी पुन्हा फोन आला, सगळं साफ झालं होतं.

ठेवता ठेवता हळूच म्हणाल्या, "गुलाबीच झाले होते गं."