सायकलमार्गावरचा बर्फ हटेना, काय करावं?

प्रश्न : कामावर जाण्याचा माझा सायकलमार्ग झाडीतून, ओढ्याच्या कडेने जातो. आठवडाभर दुपारी पारा ६-७ अंशांवर चढतोय. शेजारचा मोटाररस्ता कोरडा ठणठणीत झालाय, मार्गावरचा बर्फ मात्र जागचा हलत नाही. सायकल कधी काढू?

उत्तर : मोटाररस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात, आणि डांबराचा काळा तुकडा एकदा उघडा पडला की तो ऊन शोषून शेजारचा बर्फही वितळवतो. तुमच्या मार्गावर पायांनी आणि चाकांनी दाबून हिमाची घट्ट लादी झाली आहे. शून्य अंशाचा एक किलो बर्फ वितळवायला जी उष्णता लागते, तेवढ्यात एक किलो पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापतं. सावलीत एवढी उष्णता यायला दिवसच्या दिवस जातात. त्यातून दुपारी वितळलेलं पाणी मार्गावर साचतं आणि रात्री पुन्हा गोठतं. आकाश निरभ्र असेल तर जमीन हवेपेक्षा गार होते, त्यामुळे रात्रीचा पारा २ अंशांखाली उतरला नाही तरी पहाटे काच तयार! लादी खरी उतरते ती दमट, उबदार वारा सुटलेल्या ढगाळ रात्री.

म्हणून दुपारच्या पाऱ्यावर विसंबू नका. ज्या वेळी निघता त्याच वेळी एकदा पायी जाऊन या. पूल, उताराखालची वळणं आणि दिवसभर सावलीत राहणारे पट्टे एवढंच बघा. पुलाला खालूनही वारा लागतो, त्यामुळे तो आधी गोठतो. काळपट ओला डाग दिसला की टाचेने घासा. पाणी सरकलं तर ठीक. डाग तसाच चकाकत राहिला तर तो बर्फ आहे. असा एक जरी डाग वळणावर असेल, तर साध्या टायरवर जाऊ नका.

प्रश्न : तोवर खिळेदार टायर लावले तर चालतील?

उत्तर : जरूर लावा, खिळे टंग्स्टन कार्बाइडचे घ्या, साधे पोलादी डांबरावर लवकर झिजतात. एकच टायर परवडत असेल तर तो पुढे बसवा. मागचं चाक घसरलं तर बहुधा सावरता येतं, पुढचं घसरलं की माणूस थेट खाली. नवे टायर पहिले ४०-५० किलोमीटर डांबरावर, जोरात ब्रेक न लावता चालवा, म्हणजे खिळे रबरात पक्के बसतात. बर्फावर हवा थोडी कमी ठेवा, पण टायरच्या कडेवर छापलेल्या किमान आकड्याखाली नको. ब्रेक लादीच्या आधी लावा. लादीवर हँडल सरळ, पॅडल संथ. गोठलेल्या खोल चाकोरीत मात्र खिळ्यांचाही उपयोग नाही, तिथे उतरून चाला.

प्रश्न : अवघड जागी मी स्वतः मीठ टाकू का?

उत्तर : नको. उणे १० अंशांच्या आसपास साधं मीठ जवळपास निकामी होतं, आणि वितळलेल्या पाण्याने खारं पाणी पातळ झालं की तेही पुन्हा गोठतं. शिवाय ते ओढ्यात उतरतं. त्यापेक्षा देखभाल करणाऱ्यांना नेमकी जागा कळवा आणि कडेचा चर मोकळा करायला सांगा. वरून येणारं पाणी चरातून गेलं, तर रोज रात्री नवी लादी धरणार नाही.