यवतमाळच्या खेड्यातल्या मुलीला कर आणि पर्यावरण यांवर काम करणारी अर्थतज्ज्ञ होता येईल का?

नक्की होता येईल. अर्थशास्त्रात बी.ए., मग एम.ए.; १९३० साली सुरू झालेली पुण्याची गोखले संस्था अर्थशास्त्रच शिकवते. गणित मात्र आत्तापासून पक्कं करून घ्या, आपल्याकडची मुलं तिथेच अडतात.

विषय तर तिच्या दारातच आहे. वणीचा कोळसा घ्या. २०१० मध्ये कोळशावर टनामागे ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर, म्हणजे त्या कामासाठीचा जादा कर, लागला, २०१६ पर्यंत तो ४०० झाला. २०१७ नंतर तो पैसा जीएसटीमुळे राज्यांचं जे उत्पन्न बुडालं त्याच्या भरपाईकडे वळला. रस्त्याकडेच्या कपाशीवरची काळी धूळ मात्र तिथेच राहिली. तिचा भुर्दंड शेतकऱ्याने का सोसावा? यावर अभ्यास करणारं माणूस इथलंच हवं.

आज तिला कृषी केंद्राचं फवारणीच्या औषधाचं बिल द्या, त्यातला १८ टक्के जीएसटी काढू द्या.